ली ॲन वोमॅकचा २००५ चा अल्बम: जुन्या वळणाचं कंट्री एवढं आत का लागतं?

रानजाई (धागाकर्ती)

इथे कंट्री, म्हणजे अमेरिकेतलं ते गावाकडच्या वळणाचं संगीत, ऐकणारं कोणी आहे का? म्हणजे जॉन डेन्व्हर, केनी रॉजर्स, जिम रीव्ह्ज एवढ्यावर न थांबलेलं कोणी? आमच्या घरात वडलांच्या कॅसेटमुळे ही तीन नावं लहानपणापासून होती, त्यापुढे मी कधी गेले नाही. ली ॲन वोमॅक म्हटलं की 'आय होप यू डान्स', बस. ते गाणं चांगलंच आहे, पण लग्नात, निरोप समारंभात, मदर्स डेला इतकं वाजलंय की त्यातली बाई मला कधी दिसलीच नाही, फक्त शुभेच्छा दिसल्या.

आता गेले काही दिवस तिचा 'देअर्स मोअर व्हेअर दॅट केम फ्रॉम' हा अल्बम ऐकतेय, आणि ऐकतेय म्हणजे दुसरं काही लावावंसंच वाटत नाहीये. कव्हर पाहून आधी वाटलं की सत्तरच्या दशकातली रेकॉर्ड असेल, तसे ते फिके तपकिरी रंग, तसे केस, तशी अक्षरं. बघते तर फेब्रुवारी २००५. म्हणजे मुद्दाम तसं केलंय. आणि आतला आवाजही तसाच, फिडल (लोकसंगीताच्या ढंगात वाजवलेलं व्हायोलिन) आहे, ती रडवी सरकती गिटार आहे (तिला काय म्हणतात ते सांगा प्लीज), मागे थोडी व्हायोलिन्स, आणि सगळ्याच्या पुढे ही बाई, बारीक, थोडा थरथरता आवाज, पण ओरडत नाही कुठेच.

गाण्यांचे विषय बघा. पहिलंच गाणं लग्नाबाहेरच्या संबंधाचं, आणि तेही स्वतः त्यात असलेल्या बाईच्या तोंडून. 'आय मे हेट मायसेल्फ इन द मॉर्निंग' मध्ये जुन्या प्रियकराशी पुन्हा एक रात्र, सकाळी स्वतःची चीड येणार हे तिला आत्ताच माहितीये तरी ती जातेय. 'ही ऑटा नो दॅट बाय नाऊ' मध्ये नवऱ्याला कळायला हवं होतं ते अजून कळत नाही अशी संसारातली बायको. आणि 'ट्वेंटी इयर्स अँड टू हजबंड्स अगो'. हे तर मला ऐकवत नाही आणि बंदही करवत नाही. वय पुढे गेलेली एक बाई वीस वर्षांपूर्वीच्या स्वतःकडे बघते. बास एवढंच. पण त्या एवढ्याशा गाण्यात हिशेब आहे, पश्चात्ताप आहे, आणि तरी ती कुणाकडे सहानुभूती मागत नाहीये.

माझा प्रश्न असा की हे एवढं भिडतं ते नक्की कशामुळे? ती टेक्सासची, मी टेक्सासला कधी गेले नाही, त्या लोकांचं जगणं मला माहीत नाही, म्हणजे जुन्या आठवणी वगैरे काही कारण असूच शकत नाही. मग ती वाद्यं आहेत का? तिचा आवाज आहे का? की ज्याला लोक 'ट्रॅडिशनल कंट्री' म्हणतात त्यात अजून काही असतं जे मला ओळखता येत नाहीये? आणि याच वाटेवरच्या अजून गायिका सांगा, बायकांचेच अल्बम हवेत, एखाददुसरं गाणं नको, आख्खा अल्बम.

अभय_डॅलस

रानजाईताई, धागा बघून फार बरं वाटलं. मी बरीच वर्षं डॅलसच्या बाजूला राहतो त्यामुळे थोडी भूगोलाची बाजू सांगतो, कारण लोकांना टेक्सास म्हटलं की वाळवंट आणि घोडे दिसतात. ली ॲन जॅक्सनव्हिलची, ते पूर्व टेक्सासमध्ये आहे, तिथे पाइनची दाट झाडी, लाल माती, छोटी छोटी गावं, दर कोपऱ्यावर चर्च. एकेकाळी टोमॅटोच्या पिकासाठी नावाजलेलं गाव, अजूनही जूनमध्ये तिथे टोमॅटोचा उत्सव असतो. ती १९६६ ची. वडील शाळेत नोकरीला आणि जोडीला गावच्या रेडिओ स्टेशनवर डिस्क जॉकी, आणि ही लहानपणी त्यांच्याबरोबर स्टेशनवर जाऊन कुठली रेकॉर्ड लावायची ते निवडायला मदत करायची. पुढे लेव्हललँडच्या साउथ प्लेन्स कॉलेजात गेली, तिथे कंट्री आणि ब्लूग्रास (बॅन्जो, मँडोलिन, फिडलवरचं त्याचं डोंगरी भावंड) हा चक्क अभ्यासक्रम आहे, मग कंट्रीची राजधानी नॅशव्हिल, तिथे बेलमाँट विद्यापीठात. म्हणजे हे जुनं वळण तिने २००५ मध्ये कपड्यासारखं चढवलेलं नाही, तिचं कानावरचं वळणच ते. १९९७ चा पहिला अल्बम ऐका, तेव्हाही लोक हेच म्हणत होते की ही मुलगी जुन्या बायकांसारखी गाते.

मग मधे काय झालं ते महत्त्वाचं आहे. २००० मध्ये 'आय होप यू डान्स' आलं, ते इतकं मोठं झालं की कंट्रीच्या बाहेरच्या लोकांनी पण ते उचललं, पुरस्कार मिळाले, आणि साहजिकच पुढचा २००२ चा अल्बम त्याच दिशेने गेला, जास्त पॉप, कव्हरवरचं रूपही बदललं. तो चालला नाही. तिचे जुने श्रोते दुरावले आणि नवे आले नाहीत. अशा वेळी गायिकेवर काय दडपण असेल विचार करा, कारण २००४-०५ ची हवा आठवा, ग्रेचन विल्सन, बिग अँड रिच, टोबी कीथ, सगळं मोठ्या आवाजात, स्टेडियमसाठी केल्यासारखं. त्यात ही बाई अडतिसाव्या वर्षी एक मंद, दुखऱ्या गाण्यांचा अल्बम घेऊन आली. आणि 'आय मे हेट मायसेल्फ' पहिलं सिंगल म्हणून रेडिओला दिलं, ते पहिल्या दहात गेलं, त्या वर्षीचं सीएमएचं (कंट्री म्युझिक असोसिएशनचं) सिंगल ऑफ द इयर ठरलं आणि अल्बम ऑफ द इयर हाच अल्बम. मला याचं फार अप्रूप आहे. नॅशव्हिलच्या लोकांना आतून माहीत होतं की आपलं खरं काय आहे, पण ते रोज रेडिओवर लावायची हिंमत नव्हती, असं मला वाटतं. कारण पुढची दोन सिंगल्स बघा, चार्टवर पहिलीइतकी चढलीच नाहीत. तुम्हाला ऐकवत नाही ते 'ट्वेंटी इयर्स' त्यातलंच.

ते गाणं तिने स्वतः सहलेखन केलंय, डीन डिलन आणि डेल डॉडसनबरोबर. डीन डिलन म्हणजे कंट्रीतला मोठा गायक जॉर्ज स्ट्रेट याच्या कितीतरी गाण्यांचा लेखक. आणि ली ॲनचंही तेव्हा दुसरं लग्न होतं. पहिला नवरा जेसन सेलर्स, तोही गायक. आता एक गोष्ट ऐका, 'आय मे हेट मायसेल्फ' मध्ये मागे जो पुरुषी आवाज हार्मनी देतो ना, तो त्याचाच आहे. जुन्या प्रियकराकडे परत जाण्याच्या गाण्यात पहिल्या नवऱ्याची साथ. हे कळल्यावर मी ते गाणं पुन्हा लावलं आणि हेडफोन लावून फक्त त्याचा आवाज ऐकत बसलो.

सुतारपक्षी

ती सरकती गिटार म्हणजे पेडल स्टील. ताई तुम्ही 'रडवी' म्हणालात, वाजवणारे पण असंच काहीतरी म्हणतात.

मी साधी गिटार वाजवतो, स्टील वाजवायचं धाडस नाही, पण एकदा जवळून बघितलंय म्हणून सांगतो. गिटारसारखी गळ्यात नसते, टेबलासारखी पुढ्यात आडवी, साधारणपणे एका मानेवर दहा तारा, पडदे नाहीत, डाव्या हातात लोखंडी बार तारांवरून सरकवायचा, उजव्या हाताला नख्या, आणि खाली पायांना पेडल, गुडघ्यांनी दाबायचे दांडे वेगळेच. पेडल दाबलं की काही तारा ताणल्या जातात आणि बाकीच्या जागेवर राहतात. म्हणजे तीन सूर वाजतायत, त्यातला एकच सूर हळू वर चढतो आणि दुसरे दोन स्थिर. गळ्यातून हे करताच येणार नाही, एका माणसाला तर नाहीच. आपल्या कानाला मींड ओळखीची आहे म्हणून ते लगेच लागतं असं माझं मत, पण मींड एका सुराची असते, इथे आख्ख्या कॉर्डच्या पोटात एक सूर हलतो आणि बाकीचे बघत राहतात. त्यातून ते दुःख येतं.

आणि ताई, तुम्ही म्हणता जुन्या आठवणींचा संबंध नाही, पण हा आवाज तुमच्या कानावर आधी नक्की पडलेला आहे. याचं मूळ हवाईमध्ये, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जोसेफ केकुकू नावाच्या मुलाने गिटार मांडीवर घेऊन धातूने तारा दाबायची पद्धत रुजवली. तिथून ती एका बाजूने अमेरिकेत गेली आणि कंट्रीत शिरली. दुसऱ्या बाजूने आपल्याकडे आली, हवाईचा ताऊ मो चाळीसच्या दशकात कलकत्त्यात राहून वाजवत आणि शिकवत होता, मग व्हॅन शिप्ले वगैरेंच्या हिंदी सिनेगाण्यांच्या गिटारच्या रेकॉर्डी आल्या. त्या रेडिओवर, लग्नाच्या मांडवात, दुपारच्या वेळी वाजायच्या आठवतंय ना? तीच हवाईयन गिटार. अमेरिकेत तिला पुढे पेडल जोडली गेली आणि १९५४ च्या सुमारास वेब पिअर्सच्या 'स्लोली' मध्ये बड आयझॅक्सने तो ताणलेला सूर वाजवला, ते गाणं पहिल्या नंबरावर गेलं आणि नॅशव्हिलमधल्या प्रत्येक स्टीलवाल्याला आपल्या वाद्याला पेडल लावावंसं वाटायला लागलं. म्हणजे ज्याला आपण 'अस्सल पारंपरिक' म्हणतोय ते त्या वेळचं एकदम नवीन तंत्र होतं.

आता या अल्बमबद्दल. माझ्या मते त्याचं बळ रिकाम्या जागेत आहे. नीट ऐका, ती गात असताना स्टील गप्प असते किंवा अगदी दूर असते. तिची ओळ संपली, श्वास घेतला, की स्टील किंवा फिडल येऊन त्याच ओळीला उत्तर देतं आणि परत बाजूला होतं. आजकालच्या कंट्री रेडिओवरच्या गाण्यात ही जागाच नसते, सगळं सतत भरलेलं, ड्रम्स मोठे, इलेक्ट्रिक गिटारची भिंत, मग गायिकेला ओरडावंच लागतं. इथे तिला ओरडायची गरज नाही म्हणून तिचा तो बारीक कंप ऐकू येतो. तो कंप ती शब्दाच्या शेवटी सोडते, सुरुवातीला नाही. सुरुवातीला सूर सरळ, आणि सोडताना तो किंचित मोडतो. मी हे गिटारवर काढायचा खूप प्रयत्न केला, नाही येत, ते गळ्यातलंच काम आहे.

रानजाई

बाप रे सुतारपक्षी, हवाईयन गिटारचं वाचून अंगावर काटा आला, आमच्याकडे रविवारी दुपारी विविधभारतीवर हे लागायचं! मला कधीच सुचलं नसतं जोडून बघायचं. आत्ता लावून बघितलं, खरंच ती गाताना स्टील थांबते. आता ते ऐकू आल्यावर दुसरं काही ऐकूच येत नाहीये.

अभयदादा, जेसन सेलर्सचं माहीत नव्हतं. दोघांनी ते कसं रेकॉर्ड केलं असेल.

पण माझा प्रश्न अजून अर्धाच सुटलाय. वाद्यं कळली. शब्दांचं काय? कारण मला शब्दच जास्त लागलेत.

मेघना_ठाणे

शब्दांवर मी बोलते कारण माझं म्हणणंच हे आहे की ट्रॅडिशनल म्हणजे फक्त स्टील आणि फिडल नाही. ते विषय पण परंपरा आहेत, आणि त्यातही बायकांची एक वेगळी परंपरा आहे जी सरळ या अल्बमपर्यंत येते.

१९५२ पासून सुरुवात करा. हँक थॉम्पसनचं एक गाणं जोरात चाललं होतं ज्यात बारमध्ये जाणाऱ्या बायकोला दोष दिलाय. त्याला उत्तर म्हणून 'इट वॉझन्ट गॉड हू मेड हाँकी टाँक एंजल्स' आलं, किटी वेल्सने गायलं. किटी वेल्स तेव्हा तिशी ओलांडलेली, मुलांची आई, गाणं जवळजवळ सोडून द्यायच्या बेतात, आणि तिने नंतर स्पष्ट सांगितलंय की रेकॉर्डिंगचे १२५ डॉलर मिळणार होते म्हणून गायलं. गाण्याचा मुद्दा एवढाच की बायका बिघडतात त्याला लग्न झालेले असून नसल्यासारखे वागणारे पुरुषही जबाबदार आहेत. एवढं म्हटलं म्हणून रेडिओवर त्याला विरोध झाला, आणि तरी ते पहिल्या नंबरावर गेलं, बिलबोर्डच्या कंट्री चार्टवर एकट्या बाईचं पहिलं नंबर एकचं गाणं. म्हणजे या संगीतात बाईला पहिली मोठी जागा मिळाली ती उलट उत्तर देऊन मिळाली. मला हे फार मोठं वाटतं.

पुढे लोरेटा लिन. केंटकीच्या कोळसा खाणीच्या मुलखातली, अगदी कोवळ्या वयात लग्न, विशीपर्यंत चार मुलं. तिने दारू पिऊन घरी येणाऱ्या नवऱ्याला गाण्यातून सुनावलं आणि ते तिचं पहिलं नंबर एक झालं. १९७५ मध्ये 'द पिल', गर्भनिरोधक गोळीवर, बऱ्याच स्टेशनांनी ते वाजवलं नाही, तरी कंट्री चार्टवर पाचपर्यंत गेलं. टॅमी वाइनेट, ती आधी केस कापायची-करायची कामं करायची आणि एवढी मोठी स्टार झाल्यावरही तिने ब्यूटिशियनचं लायसन्स दरवर्षी चालू ठेवलं, गाणं बंद पडलं तर पोट भरायला हवं म्हणून. या बायका घटस्फोट, मुलं, पैसा, दारू, परपुरुष यावर गायल्या ते धीट दिसायचं म्हणून नाही, घरात तेच होतं म्हणून.

आता ली ॲनचा अल्बम त्या रांगेत ठेवून बघा. तिच्या गाण्यांतली कुठलीच बाई आदर्श नाही आणि कुठलीच बंडखोरीचा झेंडा घेऊन पण उभी नाही. चूक करतेय, चूक आहे हे तिला माहितीये, का करतेय हेही माहितीये, आणि ती तुम्हाला ते सांगते, समर्थन देत नाही की माफी मागत नाही. 'आय मे हेट मायसेल्फ' मधला सगळा जीव त्या शीर्षकातच आहे, निकाल आधीच लागलाय, सकाळचा. फक्त सकाळ अजून झालेली नाही. रानजाई, तू टेक्सासला गेली नसलीस तरी तुला हे भिडतं ते यामुळे असं मला वाटतं. मोठ्या वयाची, संसार बघितलेली बाई खरं बोलतेय आणि तिच्या आवाजात नाटक नाही, ही गोष्ट गाण्यात आपल्याला कुठल्याही भाषेत फार कमी मिळते. प्रेमात पडणाऱ्या मुलींची गाणी ढिगाने आहेत. दोन लग्नं झालेल्या बाईचं गाणं सांग बरं दुसरं.

आणि तो जुना साज इथे उपयोगी पडतो. हेच शब्द मोठ्या पॉप आवाजात गायले असते तर ते एकदम भडक झाले असते. मंद चालीत, स्टीलच्या सोबतीने ते कबुलीसारखे होतात. साज आणि शब्द एकाच घरात वाढलेत म्हणून एकमेकांना सांभाळून घेतात.

कडूनिंब

चर्चा छान चाललीय, पण मी थोडा वेगळा सूर लावतो. अल्बम मलाही आवडतो, 'वेटिंग फॉर द सन टू शाइन' तर फारच, सॉनी थ्रॉकमॉर्टनचं जुनं गाणं ते, १९८१ मध्ये रिकी स्कॅग्जने केलेलं. पण सगळे याला एवढं 'अस्सल' म्हणतात ते मला पटत नाही. हा मोठ्या कंपनीचा, नॅशव्हिलच्या कसलेल्या स्टुडिओ वादकांनी वाजवलेला, एकदम गुळगुळीत अल्बम आहे. मागे व्हायोलिन्स आहेत, सगळं मापात आहे, कव्हरसुद्धा जुनं दिसावं म्हणून ठरवून केलेलं. ज्याला खरोखर मुळापर्यंत जायचंय त्याने पॅटी लव्हलेसचा 'माउंटन सोल' ऐकावा, २००१ चा.

पॅटी पाइकव्हिल, केंटकीची, वडील खाणीत काम करायचे आणि खाणीतल्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगाने गेले. नव्वदच्या दशकात ती रेडिओवरची मोठी स्टार, सगळं इलेक्ट्रिक. आणि मग नवरा एमरी गॉर्डी ज्युनियर याला निर्मितीला घेऊन तिने हा पूर्ण अकूस्टिक अल्बम केला, बॅन्जो, मँडोलिन, फिडल, ड्रमचा दणका नाही. त्यात डॅरेल स्कॉटचं 'यूल नेव्हर लीव्ह हार्लन अलाइव्ह' आहे, हार्लन हा केंटकीतला खाणींचा परगणा, तिथे पिढ्यान्पिढ्या माणसं खाणीत उतरून संपली त्याचं गाणं. हे जेव्हा खाणकामगाराची मुलगी गाते तेव्हा त्यात सजवायला काही शिल्लकच राहत नाही. तिचा आवाज ली ॲनसारखा नाजूक नाही, डोंगरातला आवाज आहे, नाकातून येणारा, धारदार, लांब पोचणारा. पहिल्यांदा ऐकताना कदाचित टोचेल. ऐकत राहा.

माझ्या मते ली ॲनचा अल्बम हे सुंदर घडवलेलं काम आहे आणि पॅटीचा अल्बम हे खणून काढलेलं. दोन्ही हवेत, पण पारंपरिक कुणाला म्हणायचं असं विचारलंत तर मी दुसऱ्याकडे बोट दाखवेन.

अभय_डॅलस

कडूनिंब, 'माउंटन सोल' बद्दल एक शब्दही कमी करणार नाही, ग्रेट अल्बम. पण गुळगुळीत म्हणजे अस्सल नाही हे नाही पटलं. कारण कंट्रीत ती गुळगुळीत बाजू पण परंपराच आहे, आणि जुनी आहे. पन्नासच्या दशकाच्या शेवटी चेट अ‍ॅटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली या निर्मात्यांनी फिडल कमी करून व्हायोलिन्स आणि मागे गाणारे आवाज आणले, पॅट्सी क्लाइनचा आवाज त्यातच फुलला. आणि ताईंच्या वडलांचा जिम रीव्ह्ज तर त्या पद्धतीचाच राजा! पुढे बिली शेरिलने टॅमी वाइनेट आणि जॉर्ज जोन्सला घेऊन ते अजून भरजरी केलं. ली ॲन सत्तरच्या दशकात लहान होती, वडलांच्या स्टेशनवर तिने ज्या रेकॉर्डी उचलल्या असतील त्या याच. म्हणजे पॅटीला डोंगर मिळाला तसा हिला रेडिओ मिळाला. दोघी आपापल्या घरीच परतल्यात, घरं वेगळी आहेत.

अजून एक, २००५ ची ती फेब्रुवारीच बघा. ८ तारखेला हा अल्बम आला आणि १३ तारखेला लोरेटा लिनला 'व्हॅन लिअर रोझ' साठी ग्रॅमीत सर्वोत्तम कंट्री अल्बमचा पुरस्कार मिळाला, सत्तरी ओलांडलेली लोरेटा आणि निर्माता रॉकवाला जॅक व्हाइट. पुढच्याच महिन्यात मिरांडा लँबर्टचा 'केरोसीन' आला, त्याचा एक निर्माता फ्रँक लिडेल, म्हणजे ली ॲनचा नवरा. त्या काही आठवड्यांत असं वाटत होतं की आता बायकांचं कंट्री परत पुढे येणार. मिरांडा आलीही. पण एकूण रेडिओवर उलटंच झालं, बायकांची गाणी कमी कमी होत गेली, २०१५ मध्ये तर एका रेडिओ सल्लागाराने जाहीर सांगितलं की कंट्री रेडिओ हे सॅलड आहे आणि बायका त्यातले टोमॅटो, जपून घाला. टोमॅटोच्या गावातून आलेल्या ली ॲनचे २०१४ आणि २०१७ चे अल्बम मोठी कंपनी सोडून छोट्या लेबलांवर आले. मला याचा अजून राग येतो. तो २०१७ चा 'द लोनली, द लोनसम अँड द गॉन' जरूर ऐका, ह्यूस्टनमध्ये रेकॉर्ड केलाय, जास्त अंधारा आहे, पण आवाज तोच आणि आता तिला कुणाच्या चार्टची पर्वा नाही हे कळतं.

सुतारपक्षी

अभय + १. यादीत एमीलू हॅरिस राहिली की! 'पीसेस ऑफ द स्काय' १९७५ चा आणि 'रोझेस इन द स्नो' १९८० चा. दुसरा पूर्ण ब्लूग्रासच्या अंगाचा, तिच्या कंपनीला तो चालेल की नाही शंका होती अशा काळात केलेला, जेव्हा सगळे पॉपकडे धावत होते. डॉली पार्टनचा 'द ग्रास इज ब्लू' १९९९ चा, डॉलीला फक्त गमतीशीर बाई समजणाऱ्यांनी आधी हा ऐकावा. आणि अलीकडचं हवं असेल तर मार्गो प्राइस, 'मिडवेस्ट फार्मर्स डॉटर', २०१६, मेम्फिसच्या सन स्टुडिओत रेकॉर्ड केलेला, त्यासाठी तिने लग्नाची अंगठी गहाण टाकली, गाडी विकली. पहिलंच गाणं 'हँड्स ऑफ टाइम' सहा मिनिटांचं, घरची शेती गेल्यापासूनची आख्खी कहाणी, ते शांत बसून ऐका, काम करताना नको.

मेघना_ठाणे

कडूनिंब, तुमचं एक म्हणणं मला मान्य आहे की खाणकामगाराची मुलगी हार्लनचं गाणं गाते त्याला तोड नाही. पण मग बघा ना, तिथेही निकष शब्द आणि जगणं हाच झाला, बॅन्जो नाही. ली ॲनने अडतिसाव्या वर्षी स्वतः लिहायला बसून 'दोन नवऱ्यांपूर्वी' म्हणणं हे त्याच जातीचं काम आहे, फक्त तिची खाण घरातली आहे.

बाकी रानजाई, अल्बमच्या शेवटी एक छुपं गाणं आहे, यादीत नाव नव्हतं त्याचं. 'जस्ट समवन आय यूज्ड टू नो', १९६९ मध्ये पोर्टर वॅगनर आणि डॉलीने केलेलं द्वंद्वगीत. तुझ्या कॉपीत आहे का बघ.

रानजाई

आहे! मला वाटलं होतं दुसराच कुठला अल्बम आपोआप सुरू झाला.

सगळ्यांचे खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. कडूनिंब, 'माउंटन सोल' काल रात्री लावला, तुम्ही म्हणालात तसा आवाज आधी टोचला आणि हार्लनच्या गाण्याला मी स्वयंपाक अर्धा सोडून बसले. पण पारंपरिक कोण हा वाद मी मेघनाच्या बाजूने लढणार, कारण जिम रीव्ह्ज अस्सल नाही असं म्हटलं तर वडील मला घरात घेणार नाहीत. त्यांना ली ॲन ऐकवली. त्यांना शब्द फारसे कळले नाहीत, पण स्टील आल्यावर म्हणाले ही तर आपली गिटार.

मार्गो प्राइस आज. एमीलूचा कुठला आधी घेऊ, १९७५ चा की १९८० चा?

सुतारपक्षी

१९७५ चा. १९८० चा आधी ऐकलात तर मागे यावंसं वाटणार नाही, आणि मग पहिल्यातलं, मूळ लूव्हिन ब्रदर्सचं, 'इफ आय कुड ओन्ली विन युअर लव्ह' राहून जाईल.